'उपजत' म्हणून मोकळे होणारी समीक्षा

२०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक रंगभूमीवर आले. लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, संकल्पना व संगीत संभाजी भगत यांचे. त्यात कैलाश वाघमारे यांनी भूमिका केली. जालना जिल्ह्याच्या खेड्यातून आलेला हा नट मराठवाडी बोलीत हसवतो आणि हसता हसता प्रेक्षकाला अडचणीत पकडतो. पुढे 'तान्हाजी' (२०२०), 'गाभ' (२०२४) या चित्रपटांतही तो दिसला.

अशा नटाला 'उपजत', 'रांगडा' म्हणून प्रस्थापित समीक्षा मोकळी होते. हे कौतुक नव्हे. त्याची मेहनत नाकारण्याची ती सभ्य रीत आहे. गाणे, विनोद आणि विचार एकत्र नांदवणे ही शिस्त आहे. भीमराव कर्डकांच्या जलशाने ती गावोगाव रुजवली. आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालयाच्या रंगमंचाने म. भि. चिटणीसांच्या 'युगयात्रा'तून तिला नाट्यरूप दिले. खेड्यातल्या नटाजवळ परंपरा नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी ही परंपरा वाचावी. आपल्या विद्यार्थ्यांनी तर ती लिहून काढावी. नाहीतर आपला नट टाळ्या घेईल आणि त्याचा इतिहास दुसरेच लिहितील.