‘मलेरिया’ आणि ‘हिवताप’ : व्युत्पत्ती कशी वाचावी?

‘मलेरिया’ची व्युत्पत्ती तुम्ही वाचली असेल. इटालियनमध्ये ‘माला’ म्हणजे वाईट आणि ‘आरिया’ म्हणजे हवा. अठराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. बहुतेक टिपणे इथेच थांबतात. माझा आक्षेप या थांबण्यालाच आहे.

दलदलीजवळ ताप येतो, दलदलीला दर्प असतो, म्हणून दर्पामुळे ताप येतो, असा तर्क या नावामागे आहे. प्रत्यक्षात दोन्हींच्या मुळाशी साचलेले पाणी होते. १८८० मध्ये लाव्हरां यांना रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला तो अॅनोफिलीस डासाच्या जठरात दाखवला. याच रॉस यांनी १८८३ मध्ये बंगळूरला असताना बंगल्याबाहेरच्या पिंपात डासांच्या अळ्या पाहून पाणी ओतून टाकले होते. डास कमी झाले, पण मलेरियाशी त्यांचा संबंध तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता.

आता मराठी शब्द पाहा. हीव म्हणजे थंडी. ‘हीव भरणे’ आपण म्हणतोच. ‘हिवताप’ फक्त लक्षण सांगतो, कारणाचा दावा करत नाही. त्यामुळे रॉस यांच्या शोधाने तो खोटा ठरला नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. हुडहुडी भरून येणारा प्रत्येक ताप हिवताप नसतो. रक्त तपासावेच लागते.

चुकीचे नाव वापरू नये, असे मी म्हणत नाही. विद्युतप्रवाहाची दिशा आपण आजही धनाकडून ऋणाकडे दाखवतो, तारेतले इलेक्ट्रॉन मात्र उलट जातात. तो संकेत आहे हे माहीत असल्याने गणित चुकत नाही. नावावरून निर्णय घेतला की चूक होते.

मी कोरमंगलात राहतो. पावसाळ्यात नाल्याचा वास आला की आम्ही खिडक्या लावतो आणि मुलांना मलेरियाची भीती घालतो. नाल्याच्या घाण पाण्यात मुख्यतः क्यूलेक्स डास वाढतात. शहरात मलेरिया पसरवणारा अॅनोफिलीस स्टीफेन्सी साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो : गच्चीवरच्या उघड्या टाकीत, बांधकामाच्या हौदात. म्हणजे ते जुने नाव आजही आपल्याला चुकीच्या जागी पाहायला लावते.

म्हणून व्युत्पत्ती लिहिताना तीन प्रश्न विचारा. नाव लक्षणावरून पडले की कारणावरून? तेव्हा काय माहीत होते? आज त्यातले काय टिकले आहे? उत्तरे लिहून झाली की वसतिगृहाच्या गच्चीवर जा आणि टाकीला झाकण आहे का ते पाहून या.