बोटांना उमगलेली कड

बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०) यांच्याविषयी लिहिताना आपली लेखणी फार लवकर गहिवरते. एक डोळा जन्मतःच निकामी, दुसरा अधू. १९५७ च्या सुमारास शस्त्रक्रिया फसली आणि उरलेला प्रकाशही गेला. तरीही चित्रे थांबली नाहीत. एवढे सांगून होताच ‘दिव्यदृष्टी’, ‘अंतश्चक्षू’ हे शब्द पुढे येतात. त्यांमागील आदराविषयी आम्हांला शंका नाही. मात्र त्या शब्दांआड चित्रकाराचे कसब झाकले जाते, ही आमची तक्रार आहे. त्यांचे शिष्य सत्यजित राय यांच्या १९७२ मधील लघुपटाचे नाव ‘द इनर आय’ असले, तरी त्यातला कॅमेरा खिळून राहतो तो गुरूंच्या हातांवर. समीक्षेनेही तेथेच पाहावे.

हे हात एका रात्रीत घडले नव्हते. १९४६-४७ साली शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात त्यांनी मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र रंगविले, तेही आधी पूर्णाकार आराखडा न काढता. ओल्या गिलाव्यावरचे हे काम गिलावा सुकण्यापूर्वी उरकावे लागते. फटकारा चुकला तर तो पुसून पुन्हा काढण्याची सोय नसते. ज्याला जवळचेच जेमतेम दिसे, त्याने एवढ्या लांब भिंतीचा तोल सांभाळला, तो हाताला मापाची जाण होती म्हणूनच. त्या चित्रात सूरदासही आहेत. त्यात भविष्याची चाहूल शोधण्याचा मोह आवरावा. पुढे उपयोगी पडली ती हाताची ही जाणच.

दृष्टी गेल्यावरही त्यांनी रेखाटने केली. परंतु कागदावर वाळलेली रेषा बोटांना काहीच सांगत नाही. कापलेल्या कागदाची कड मात्र सांगते. बोट तिच्यावरून फिरते, वळण कोठे ताठरले आणि कोठे सैलावले ते जाणते. म्हणूनच रंगीत कागदांची कातरकामे, घड्या घालून केलेल्या आकृती, माती आणि मेण ही माध्यमे त्यांना जवळची झाली. वृद्ध मातिस यांनीही कागद कापून चित्रे रचली. पण कात्रीपुढचा रंग त्यांना दिसत होता. बिनोदबिहारींना रंगासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबणे भाग होते. आकार मात्र सर्वस्वी त्यांचा होता.

या बदलात काही हरपले, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या निसर्गचित्रांतली हवा, दूरवर विरत जाणारे माळरान कातरकामात सापडत नाही. कडेला अंतर दाखविता येत नाही. त्या बदल्यात आकृतीला ठामपणा आला. बसलेली स्त्री, पहुडलेला पुरुष मोजक्या तुकड्यांत उभे राहतात. त्यांत पाल्हाळाला जागा नाही. १९७२ सालच्या कलाभवनातील फरशांच्या भित्तिचित्रातही हाच ठामपणा आहे. तेथे आम्हांला चमत्कार दिसत नाही. साधनांच्या मर्यादा नेमक्या ओळखून घेतलेला निर्णय दिसतो, आणि तो आम्हांला चमत्काराहून मोठा वाटतो. आपले आंधळेपण ही एक नवी अवस्था आहे, असे ते स्वतःही मानीत.

बडोद्याच्या आपल्या वाचकांना हा वारसा परका नाही. त्यांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन १९५१ साली तेथील कलाविद्यालयात अध्यापक झाले आणि माध्यमाशी हाताने बोलण्याची शिकवण त्यांनी पुढील पिढ्यांपर्यंत नेली. २००६-०७ मध्ये दिल्लीत बिनोदबिहारींच्या समग्र कामाचे प्रदर्शन मांडणाऱ्या दोघांपैकी गुलाममोहम्मद शेख हे बडोद्याचेच.

तेव्हा शांतिनिकेतनास गेल्यावर १९४७ ची भिंत आणि १९७२ ची भिंत एकाच निकषाने पाहावी. दुसऱ्या भिंतीपुढे निकष सैल करणे ही दया झाली. आणि दया मागावी, असे त्या चित्रकाराने काहीच केलेले नाही.