स्थितप्रज्ञ की ढिम्म?

आज एका शब्दाबद्दल तक्रार घेऊन आलेय. शब्द आहे ‘स्थितप्रज्ञ’.

रस्त्यात खड्डे पडले, लोक ओरडून थकले, की हमखास वाचायला मिळतं, ‘प्रशासन मात्र स्थितप्रज्ञ’. हा टोमणा झाला. दुसरा वापर मला जास्त खटकतो. माझी फेलोशिप काही महिने रखडली होती. विचारायला गेले की उत्तर यायचं, “अगं, संशोधकाने कसं स्थितप्रज्ञ असावं!” म्हणजे काहीच न करणाराही स्थितप्रज्ञ आणि काहीच न विचारणाराही.

आता मूळ बघू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, ५४व्या श्लोकात, अर्जुन विचारतो की असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? आमच्या भाषेत सांगायचं तर त्याला निरीक्षण करता येईल अशी व्याख्या हवी आहे. शब्दाची फोडही सरळ आहे: जिची प्रज्ञा स्थिर आहे ती व्यक्ती. स्थिर आहे ती बुद्धी. हातपाय आणि तोंड नव्हे.

पुढे अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाची उपमा येते, त्यामुळे ‘अंग काढून घेणं’ असा अर्थ लोकांना सुचतो, हे मान्य. पण ७०व्या श्लोकात समुद्रही आहे. नद्या येतच राहतात, तो मर्यादा सोडत नाही. आणि तो एकाही नदीला परत पाठवत नाही!

मला इथे बफर आठवतो. एक लिटर शुद्ध पाण्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल फक्त १ मिलिलिटर टाका. पीएच ७ वरून थेट ३ च्या आसपास येतो. तेवढंच आम्ल फॉस्फेट बफरमध्ये टाका (दोन्ही घटक ०.१ मोलर), पीएच जेमतेम ०.०१ ने हलतो. का? बफर शांत बसतो म्हणून नाही. आलेल्या प्रत्येक आम्लकणाशी तो अभिक्रिया करतो म्हणून. काचेची गोटी त्याच पाण्यात टाकली तर तीही बदलत नाही, पण भोवतालचं पाणी आंबट व्हायचं ते होतंच. खड्ड्यांपुढचं प्रशासन म्हणजे ही गोटी. तिला ‘ढिम्म’ हा चांगला मराठी शब्द असताना ‘स्थितप्रज्ञ’ कशाला खर्ची घालायचा?

आमच्या रत्नागिरीत टिळक आळीत ज्यांचं जन्मस्थान आहे, त्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिलं. त्यांचा सगळा भर यावर, की ज्ञान झालेल्यानेही कर्म सोडू नये. पुढे १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना तुरुंगातच कळली. घरी पाठवलेल्या पत्रात त्यांनी कबूल केलं, की एरवी संकटं शांतपणे घेतो, पण या आघाताने मी हललो. स्थितप्रज्ञावर पानंच्या पानं लिहून झाल्यावरची ही कबुली! मला यात विसंगती दिसत नाही. बफरचा पीएचही हलतोच, फक्त कोसळत नाही. १९१४ मध्ये सुटून आल्यावर टिळक पुन्हा कामाला लागलेच.

शेवटचा मुद्दा, जो उपदेश करणारे विसरतात. बफरला क्षमता असते. आम्ल ओतत राहिलात तर त्यातला आम्ल पचवणारा घटक संपतो आणि मग पीएच धाडकन खाली येतो. तेव्हा दोष बफरचा नसतो. समुद्राचंही तेच. औद्योगिक काळापासून आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पीएच साधारण ८.२ वरून ८.१ वर आलाय.

म्हणून एक साधी कसोटी सुचवते. ‘स्थितप्रज्ञ’ हा शब्द स्वतःसाठी ध्येय म्हणून खुशाल ठेवा. पण ज्याच्यावर आम्ल पडतंय त्याला तो ऐकवण्याआधी, बाटली कोणाच्या हातात आहे ते बघा.