सत्य आणि स्वकीय : दोन मराठी आत्मकथने

मराठीतील ख्रिस्ती लेखकांच्या आत्मकथनांना आपल्या समीक्षेने आजवर दोन प्रकारची वागणूक दिली आहे. एक तर ती धर्मप्रसाराची साधने म्हणून बाजूला ठेवली गेली, किंवा एकोणिसाव्या शतकाच्या सामाजिक इतिहासासाठी त्यांतील तपशील वेचला गेला. 'स्मृतिचित्रे' हा अपवाद खरा; परंतु त्या ग्रंथाचे कौतुकही पुष्कळदा त्यातील विनोदापाशी आणि घरगुती भाषेपाशी थांबते. जे सत्य म्हणून पटले त्याची आज्ञा पाळावयाची, की स्वकीयांच्या सहवासाचे सुख राखावयाचे, हा या लेखनाच्या मुळाशी असलेला प्रश्न. तो धर्माचा आहे तितकाच वाङ्मयाचाही आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

वाङ्मयाचा अशासाठी की, या निवडीची कथा सांगतो तो बहुधा घर सोडून जाणारा असतो. मागे राहिलेल्याला त्या कथेत वाणी नसते. जॉन बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चा आरंभच तसा आहे. बायकामुले हाका मारीत असता कथानायक कानांत बोटे घालून धावत सुटतो. हा पहिला भाग १६७८ सालचा. कथेचे हे अपुरेपण बन्यनलाही जाणवले असावे; १६८४ साली त्याने दुसरा भाग लिहिला आणि मागे राहिलेल्या पत्नीला त्याच वाटेने नेले. पहिल्या भागाचे मराठी रूप 'यात्रिक क्रमण' या नावाने हरि केशवजी यांनी १८४१ मध्येच सिद्ध केले होते. म्हणजे मराठीत ख्रिस्ती आत्मकथन जन्माला येण्यापूर्वीच कानांत बोटे घालून धावणारा यात्रिक येथील वाचकाच्या परिचयाचा झाला होता.

बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८८) हे त्या यात्रिकाचे स्वतःच्या तोंडचे कथन होय. १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेण्यापूर्वी पदमनजी मुंबईच्या परमहंस सभेच्या संपर्कात आले होते. ही सभा १८४९ च्या सुमारास स्थापन झाली. जातिभेद मानावयाचा नाही, मूर्तिपूजा करावयाची नाही, हे तिचे तत्त्व. परंतु सर्व व्यवहार गुप्त. बंद दाराआड परजातीच्या हातचा पाव खावयाचा आणि बाहेर येऊन जातीचा शिरस्ता पाळावयाचा, अशी तिची रीत होती. या तडजोडीला केवळ भेकडपणा म्हणणे अन्यायाचे होईल. वाळीत पडणे म्हणजे चूल, विहीर, लग्नकार्य आणि अखेरचा खांदा या सर्वांना मुकणे होते. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला खरा. पण कायदा मालमत्ता देऊ शकतो, पंगत देऊ शकत नाही. या पार्श्वभूमीवर पदमनजींचा निर्णय पाहिला म्हणजे त्याचे वजन कळते. मनात एक आणि जनात एक असे सत्य त्यांना पुरेसे वाटले नाही.

तथापि साहित्यकृती म्हणून 'अरुणोदया'ची मर्यादा याच ठिकाणी दिसते. वाचलेले ग्रंथ, ऐकलेले वाद, उठलेल्या शंका आणि मिळालेली उत्तरे यांच्या पायऱ्यांनी कथन बाप्तिस्म्याकडे चढत जाते. शीर्षकातच उजाडण्याची खात्री आहे. त्यामुळे अंधारात उभ्या असलेल्यांकडे लेखकाची दृष्टी करुणेने वळते, पण तेथे ठरत नाही. घरच्यांचे दुःख हा त्याच्या लेखी पार करावयाचा अडसर आहे. वाचकाला निर्णयाची प्रामाणिकता पटते. त्याच्या किमतीचा मात्र अंदाजच करावा लागतो.

ती किंमत मराठीत मांडली गेली लक्ष्मीबाई टिळकांच्या हातून. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' म्हणजे बन्यनच्या ग्रंथाचा जणू दुसरा भाग. पण तो यात्रिकाने नव्हे, तर यात्रिकाच्या पत्नीने लिहिलेला. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियनाकडून नवा करार मिळाला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी स्वतः आत्मचरित्र लिहिले असते, तर हे सारे कदाचित दुसरा 'अरुणोदय' झाले असते. 'स्मृतिचित्रां'त तोच दिवस दुसऱ्या बाजूने येतो. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, पदरी लहान मूल, नातलगांचा आश्रय, आणि पंढरपुरासारख्या क्षेत्रात चारचौघांच्या नजरा.

येथे लक्ष्मीबाईंच्या कलेचे खरे सामर्थ्य प्रत्ययास येते. त्या टिळकांवर खटला भरीत नाहीत आणि त्यांना हुतात्माही करीत नाहीत. विसराळू, उदार, तापट, घरातला शेवटचा पैसा दुसऱ्याला देऊन येणारा हा मनुष्य सत्याच्या बाबतीत मात्र तडजोड करू शकत नव्हता, हे त्या त्याच्या गुणदोषांच्या एकाच विणीत दाखवितात. ज्या दृष्टीला टिळकांच्या निष्ठेमुळे सर्वाधिक सोसावे लागले, त्याच दृष्टीने ती निष्ठा खरी ठरविली आहे. याहून कठोर कसोटी कोणती? त्यांचा विनोद हा या ग्रंथाचा अलंकार नव्हे. दुःख सांगताना कोणावरही अन्याय होऊ नये म्हणून राखलेला तो तोल आहे.

शिवाय लक्ष्मीबाई बन्यनच्या नायिकेप्रमाणे केवळ पतीच्या पावलांवर पाऊल टाकीत नाहीत. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यात वाढलेल्या या स्त्रीने पतीकडे परतल्यावरही प्रथम आपले सोवळे सांभाळले. जातिभेद ईश्वराने नव्हे, माणसाने केला, असे मनाशी ठरल्यावर तो सोडला. आणि त्यानंतर, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पतीची आज्ञा आणि सत्याची आज्ञा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी कोठेही सिद्धान्तरूपाने न सांगता जगून दाखविले.

या निवडीचा आणखी एक पैलू आहे. जुना समाज सोडणाऱ्याला नवा समाज मिळतो, आणि त्याचीही एक ऊब असते. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी, ज्यांच्या आश्रयाने त्या राहत होत्या त्या अँग्लिकन भगिनींनाही पत्रांतून स्पष्ट कळविले की, सदसद्विवेक त्यांनी कोणाच्या हवाली केलेला नाही. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि 'देवाचा दरबार' मांडला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या या कवीला पलीकडच्या तीरावरही बिऱ्हाड थाटून स्वस्थ बसता आले नाही. आज्ञापालन ही एकदाच घडणारी घटना नव्हे, हे या दोघांच्या चरित्रांवरून दिसते.

म्हणून 'अरुणोदय' आणि 'स्मृतिचित्रे' हे ग्रंथ एकत्र वाचावयास हवेत. पहिल्यावाचून दुसऱ्यातील वियोग निष्कारण वाटेल. दुसऱ्यावाचून पहिल्यातील सत्य फार स्वस्तात मिळाल्यासारखे वाटेल. सत्यासाठी स्वकीयांचा त्याग केला, असे आपण सहज लिहून जातो. त्या वाक्यातील 'स्वकीय' हा शब्द मराठीत प्रथमच स्वतः बोलू लागला तो लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात. भारतातील इतर भाषांच्या अभ्यासकांनी आपापल्या वाङ्मयातील धर्मांतराच्या कथांना हाच प्रश्न विचारून पाहावा : घर सोडणाऱ्याचे कथन आपल्याजवळ आहे; घरात राहिलेल्याचे कोठे आहे?