सत्त्याऐंशी पट लहान जर्मनी

मागच्या वेळी आपण नकाशाबद्दल बोललो. नकाशा काय दाखवतो यापेक्षा काय गाळतो, यावर बरीच चर्चा झाली. आज त्याच वाटेने थोडं पुढे जाऊ, पण खेळण्यांच्या दुकानातून. विषय आहे मॉडेल रेल्वे, आणि तीही जर्मन धाटणीची. खेळणं हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. या छंदातली मंडळी त्यावर रागावतात, आणि त्यांचं रागावणं आपल्या विषयात उपयोगी पडणार आहे.

आधी मोजमाप. सगळ्यात प्रचलित प्रमाण एकास सत्त्याऐंशी, रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. याला एच-झिरो म्हणतात, जर्मन लोक हा-नुल म्हणतात. ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत किल्लीवर चालणारी, इंग्रजी आठच्या आकाराच्या रुळांवरची गाडी मांडली. तिथून हा छंद घराघरांत गेला. मांडणी करणाऱ्यापुढे तीन कामं असतात: देखावा उभा करायचा, रूळ घालायचे, सिग्नल लावायचे. या तिन्ही कामांत खरेपणाची कसोटी वेगवेगळी आहे, असं आमचं म्हणणं आहे.

देखाव्यापासून सुरुवात करू. ठरावीक जर्मन मांडणी डोळ्यांसमोर आणा. खाली दुहेरी मुख्य मार्ग, त्यातून फुटलेला एकेरी फाटा वर चढत जातो, वर लाकडी चौकटीच्या घरांचं गाव, चर्चचा टोकदार मनोरा, त्याच्याही वर किल्ला. आणि बोगदे. बोगद्यांना सुमार नाही.

खऱ्या रेल्वेत डोंगर आधी असतो आणि इंजिनियर तो टाळायला बघतो. ब्लॅक फॉरेस्टमधली श्वार्त्सवाल्डबान घ्या, रोबेर्ट गेरविगने आखलेली, १८७३ मध्ये पूर्ण झालेली. होर्नबेर्ग ते सांक्ट गेओर्गन हे अंतर कावळ्याच्या उड्डाणाने अकरा किलोमीटर. गेरविगने रूळ फिरवून फिरवून ते सव्वीस किलोमीटर केलं, कारण साडेचारशे मीटरच्या आसपास चढ गाडीला झेपेल अशा बेताने वाटायचा होता. तिथला प्रत्येक बोगदा नाइलाजातून आलेला आहे. मॉडेलमध्ये हे उलटं होतं. टेबल संपतं, गाडीला वळून परत यायचं असतं, ते वळण इतकं आवळलेलं असतं की उघड्यावर शोभत नाही, म्हणून त्यावर डोंगर घातला जातो. जाळी, प्लास्टर, वर सुकवलेलं शेवाळ, झाला डोंगर. आता यात फसवणूक आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. नाटकातला पडदा जशी भिंत नसतो, तसा हा डोंगर डोंगर नसतो, आणि बघणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

रुळांचं काम जास्त प्रामाणिक आहे, कारण तिथे तडजोड मोजता येते. मुख्य मार्गावर तीनशे मीटर त्रिज्येचं वळणसुद्धा खऱ्या रेल्वेत तंग समजतात. ते सत्त्याऐंशीने भागलं तर साधारण साडेतीन मीटर येतं, म्हणजे अर्धवर्तुळासाठी सात मीटर रुंदीची खोली हवी. बाजारात सर्रास मिळणारं लहान वळण छत्तीस सेंटिमीटर त्रिज्येचं. उलटा गुणाकार केलात तर एकतीस मीटर. अशा वळणावर खरी एक्स्प्रेस कधीच चालणार नाही. म्हणून डबेही छाटले गेले. जर्मन एक्स्प्रेसचा सव्वीस मीटर चाळीस सेंटिमीटरचा डबा प्रमाणात तीस सेंटिमीटरहून किंचित जास्त भरायला हवा. कंपन्यांनी कितीतरी वर्षं तो अठ्ठावीस, सत्तावीस, अगदी चोवीस सेंटिमीटरचा करून विकला. उंची आणि रुंदी बरोबर, लांबी मात्र तुटकी. घेणाऱ्यांना हे माहीत होतं, त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, आणि हे आम्हाला आवडतं. तडजोड उघड असली की तिच्यावर बोलता येतं.

आता सिग्नल. इथे जरा थांबू या.

आपल्याकडे जुन्या हाताच्या सिग्नलमुळे मराठीत एक वाक्प्रयोग रुजला: सिग्नल पडला. म्हणजे गाडी येणार, पिशव्या उचला. आपला तो हात मोकळ्या रस्त्यासाठी खाली पडायचा. जर्मन हात उलटा, तो वर उठतो. आडवा हात म्हणजे थांबा. तिरपा वर गेलेला एक हात म्हणजे जा. दोन हात वर म्हणजे जा, पण हळू, सामान्यतः चाळीसच्या वेगाने, कारण पुढे सांधा बदललेला आहे. रात्री याच अर्थाने लाल, हिरवा, आणि हिरव्याखाली पिवळा. या मुख्य सिग्नलच्या आधी त्याची वर्दी देणारा डिस्टंट सिग्नल: पिवळी गोल तबकडी तोंडावर उभी असली तर पुढे थांबायची तयारी ठेवा, आडवी झाली तर पुढे रस्ता मोकळा. मुख्य मार्गावर हा डिस्टंट एक हजार मीटर आधी असतो, कारण वेगातली गाडी थांबायला तेवढी जागा खाते. त्याच्याही आधी तीन पाट्या, तीन तिरप्या रेघांची, दोन रेघांची, एका रेघेची, अडीचशे, एकशे पंचाहत्तर आणि शंभर मीटरवर. धुक्यात ड्रायव्हरला मोजत यावं म्हणून.

हजार मीटर म्हणजे मॉडेलमध्ये साडेअकरा मीटर. कुणाच्या खोलीत बसणार? म्हणून डिस्टंट सिग्नल मुख्य सिग्नलच्या पुढ्यात दीडेक मीटरवर आणून ठेवतात, किंवा त्या तीन सुबक पाट्या अर्ध्या हातात दाटीवाटीने रोवतात. दिसायला छान. पण डबा दोन सेंटिमीटर तोकडा करणं वेगळं आणि हे वेगळं. डबा तोकडा झाला तरी डबाच राहतो. डिस्टंट सिग्नलचं सगळं अस्तित्वच अंतरात आहे. अंतर काढून घेतलं की उरते ती पिवळी तबकडी.

त्याहून खोल गोष्ट पुढे आहे. जुन्या पद्धतीच्या मांडणीत सिग्नलच्या अलीकडचा रुळाचा तुकडा वेगळा तोडलेला असतो. सिग्नल लाल झाला की त्या तुकड्यातली वीज जाते आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. बघणारा म्हणतो, वा, सिग्नल पाळला! पाळला कुठे? तिचा दाणापाणी तोडला. कान्टने केलेला एक भेद इथे नेमका बसतो: निसर्गातली वस्तू नियमानुसार चालते, विवेकी प्राणी नियमाची जाणीव ठेवून चालतो. खरा ड्रायव्हर लाल दिवा पाहतो, त्याचा अर्थ लावतो, ब्रेक ओढतो. त्याला न थांबण्याची मुभा नसते, पण शक्यता असते, आणि म्हणूनच जर्मन रेल्वेने १९३० च्या दशकात रुळालगत इंडुझी नावाचे चुंबक बसवायला सुरुवात केली, म्हणजे ड्रायव्हर चुकला तर गाडीला आपोआप ब्रेक लागावा. मॉडेलमध्ये त्या चुंबकांच्याही प्लास्टिकच्या प्रतिकृती चिकटवतात. काही करत नाहीत बिचारे. १९८० च्या दशकापासून डिजिटल नियंत्रण आलं, आता गाडी झटका न बसता हळू होत थांबते. तरी ती सिग्नल बघत नाही. संगणकाला सगळं आधीच ठाऊक असतं आणि सिग्नल फक्त आपल्यासाठी रंग बदलतो.

मग चांगलं सिग्नलिंग म्हणजे काय? आमच्या मते सिग्नलने कशाची तरी राखण करायला हवी. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, हा नियम मांडणीत खरोखर पाळला जात असेल, कुणीतरी माणूस केबिनचा खटका हाताने ओढत असेल, आणि तो चुकला तर खरोखर टक्कर होऊ शकत असेल, तर तिथला सिग्नल जिवंत आहे. काही क्लब अशाच पद्धतीने गाड्या चालवतात: वेळापत्रक, एका स्टेशनमास्तरने दुसऱ्याला फोन करून गाडी देणं आणि घेणं. त्यांचा देखावा पुष्कळदा ओबडधोबड असतो. आम्हाला ते लोक या छंदातले सर्वांत गंभीर लोक वाटतात.

आता खऱ्या सिग्नलबद्दल एक गोष्ट, आणि तिथून पुढचं अवघड आहे. सिग्नल सांगतो की पुढचा ब्लॉक मोकळा आहे. गाडीत कोण आहे, कुठे नेलं जात आहे, हे तो विचारत नाही. १८ ऑक्टोबर १९४१ रोजी बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्थानकातून तिथल्या ज्यूंना घेऊन पहिली गाडी सुटली. पुढे अशा कितीतरी सुटल्या. राइखस्बान त्यांचं भाडं किलोमीटरमागे, तिसऱ्या वर्गाच्या दराने आकारत होती, दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट. त्या गाड्यांनाही वेळापत्रक होतं, सांधे बदलले गेले, सिग्नलचे हात वर झाले.

या छंदात काळाची वाटणी पर्वांत करतात. दुसरं पर्व १९२० च्या दशकापासून १९४५ पर्यंतचं, तिसरं साधारण तिथून १९७० पर्यंतचं. तिसरं पर्व फार लाडकं, कारण त्यात वाफेची इंजिनं आहेत, लाल डिझेलही आहेत, आणि १९५७ पासूनची आलिशान ट्रान्स युरोप एक्स्प्रेससुद्धा. दुसऱ्या पर्वाच्या गाड्याही मिळतात, बहुधा स्वस्तिकचिन्ह वगळून. जर्मन कायद्यात त्या चिन्हाच्या सार्वजनिक वापरावर बंदी आहे, तेव्हा वगळणं समजण्यासारखं आहे. पण परिणाम बघा. त्या काळातला डबा राहतो, त्याचा रंग राहतो, त्यावरचा क्रमांक राहतो, आणि काळच निघून जातो.

इथे ते रागावणं आठवा. जर्मनमध्ये या छंदातल्या कर्मठांना रिव्हेट मोजणारे म्हणतात. १९३८ च्या इंजिनावर शिडीची पायरी चुकली तर हे पत्र लिहितील. खेळणं म्हटलेलं त्यांना चालत नाही, ते म्हणतात आम्ही इतिहास जपतो. ठीक आहे, जपता ना, मग आमचा प्रश्न रास्त आहे. मुलाच्या खेळण्याला आम्ही हा प्रश्न विचारणार नाही. अचूकतेचा दावा करणाऱ्याला विचारणारच.

आणि ती घरं. ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्यूटनबाख गावी फालर बंधूंनी १९४६ मध्ये आपली कंपनी काढली. त्यांची जोडायची छोटी घरं पुढे मांडणीमांडणीत दिसू लागली. १९४६ हे साल लक्षात घ्या. हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन, न्युर्नबेर्ग ढिगाऱ्यांत होती. अशा देशाला टेबलावर एक अभंग गाव हवंसं वाटलं, यात आम्हाला तिरस्कार करण्यासारखं काही दिसत नाही. त्या काळच्या माणसाची ती भूक होती. पण ऐंशी वर्षांनीही तेच गाव, त्याच कौलांचं, लग्नाची तीच वरात चर्चबाहेर? आता ती भूक उरलेली नाही, सवय उरली आहे.

या लोकांच्या परिभाषेत एक शब्द आहे, शाटनबानहोफ, सावलीतलं स्थानक. देखाव्याच्या खाली, टेबलाच्या पोटात लपवलेलं यार्ड. वर दिसत नसलेल्या सगळ्या गाड्या तिथे उभ्या असतात. शब्द त्यांचाच आहे, आम्ही फक्त तो मोठ्याने उच्चारतो.

हॅम्बुर्गच्या जुन्या गोदामवस्तीत २००१ मध्ये ब्राउन या जुळ्या भावांनी मिनिआटूर वुंडरलांड उघडलं. या क्षेत्रातलं ते सर्वांत भव्य काम. तिथलं क्नुफिंगेन हे गाव पूर्णपणे कल्पित आहे, आणि म्हणून आम्हाला ते इतरांच्या 'अस्सल' गावांपेक्षा प्रामाणिक वाटतं. ते कुठल्याच सालाचा दावा करत नाही. त्याच इमारतीत बर्लिनच्या फाळणीची कहाणी लहान लहान दृश्यांत मांडलेली आहे. चांगलं काम आहे. मात्र ती दृश्यं मुख्य मांडणीपासून वेगळी आहेत. इतिहास एका बाजूला, गाड्या दुसऱ्या बाजूला. एवढी साधनं असलेल्या माणसांकडून आमची अपेक्षा थोडी जास्त आहे.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे: मग काय, मृत्यूच्या गाड्यांचं मॉडेल करायचं का? नाही. ते टेबलावर गोल गोल फिरवणं ही विटंबना होईल. ग्रुनेवाल्डमध्ये स्वतः जर्मन रेल्वेने काय केलं ते पाहा. १९९८ मध्ये फलाट सतरा हे स्मारक झालं. फलाटाच्या कडेला पोलादी पत्रे, प्रत्येकावर तारीख, माणसांची संख्या आणि कुठे नेलं ते ठिकाण. रुळांमध्ये झाडं उगवली होती, ती मुद्दाम तशीच ठेवली. त्या फलाटावरून आता गाडी सुटत नाही.

घरी मांडणी करणाऱ्याला आम्ही एवढंच सुचवू. तिसरं पर्व करताय ना, मग एक रूळ तोडा. आयझेनाखहून कोबुर्गला जाणारी वेराबान १९४५ नंतर आइसफेल्डच्या पुढे सीमेवर तुटली, आणि देश एक झाला तरी तो दुवा पुन्हा जोडला गेला नाही. तुमच्या फाट्याचंही तसंच करा. गावाबाहेर जरा पुढे जाऊन रूळ गवतात संपू द्या. खडीवर गंज दाखवा, पुढचे स्लीपर काढून टाका. रुळाच्या टोकाला जर्मन नियमावलीतली थांबण्याची पाटी उभी करा: लाल चौकोन, पांढरी कडा. बाजारात ती तयार मिळते, आणि तिला वायर जोडावी लागत नाही.

दुसरी चिठ्ठी अशी की हे सगळं ब्रिटिश धाटणीच्या मांडण्यांनाही लागू आहे का. आहे, पण त्यांचं गाळणं वेगळ्या जातीचं आहे, आणि त्यात आपलाही थोडा इतिहास येतो. ते पुढच्या व्याख्यानात घेऊ.