अंश दगडावर, छेद गायब: खडकीचं युद्धस्मारक डेटा म्हणून वाचताना

कुठल्या जिल्ह्याने युद्धात सगळ्यात जास्त माणसं गमावली? प्रकल्पासाठी हा विषय अनेकांना आवडतो. स्मारकांवरची नावं मोजायची, जिल्हावार तक्ता करायचा, नकाशा रंगवायचा. इतकं सोपं असतं का? पुण्यातल्या खडकीचं स्मारक डेटा म्हणून तपासून बघू.

खडकीच्या वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत. तिथेच पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, त्यावर १,८०० हून जास्त नावं. पण ही माणसं खडकीची नव्हेत. भारत-पाकिस्तानात ठिकठिकाणी पुरलेल्या, पण ज्यांच्या कबरींची देखभाल आता होऊ शकत नाही, अशांची ही एकत्र नोंद आहे. म्हणजे माणूस कुठे मेला हे यातून कळतं, तो कुठून भरती झाला हे नाही.

मग इथले शिपाई कुठे आहेत? सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात कूत इथे वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. त्या आघाडीवरच्या, कबर नसलेल्या मृतांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथे ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीपुढे नुसता आकडा. कॉमनवेल्थच्या युद्ध-कबर आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार पहिल्या महायुद्धातले किमान १,१६,००० मृत, बहुतेक आफ्रिकी, आशियाई आणि मध्यपूर्वेतले, नावानिशी नोंदलेच गेले नाहीत किंवा अजिबात नोंदले गेले नाहीत. थोडक्यात, इथे नावं यादृच्छिक गळलेली नाहीत. कोणाची गळणार हे वंशावर आणि हुद्द्यावर ठरलं.

आता उलट उदाहरण. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे (मिलिटरी). या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. अंश हातात आहे. पण छेद कुठला घेणार? गावच्या लोकसंख्येने भागलं तर गावावरचं ओझं कळतं. भरती झालेल्यांनी भागलं तर शिपायाचा धोका कळतो. ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि बरेच लेख ती बिनदिक्कत मिसळतात.

त्याआधीचा प्रश्न म्हणजे भरतीचं दार कोणासाठी उघडं होतं? इंग्रजांच्या 'लढाऊ जमाती'च्या कल्पनेमुळे पंजाबातून प्रचंड भरती झाली. १८९२ पासून महारांची भरती मात्र बंद होती. माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. त्यामुळे एखाद्या वस्तीपुढे शून्य दिसलं तर ते शौर्याचं मोजमाप नाही. 'इथून कोणी लढलं नाही' असं तुम्ही लिहिलंत, तर इंग्रजांनी केलेली निवडच तुम्ही निष्कर्ष म्हणून छापता.

तेव्हा तक्ता करताना मृतांच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखा: भरती किती, भरतीला पात्र किती, नोंद कोणी ठेवली. ते भरता येत नसतील तर जिल्ह्यांची क्रमवारी लावू नका. नोंदी कुठे आणि का तुटतात, हाच प्रबंधाचा विषय करा. तो जास्त कामाचा होईल.