हौशी रेषेचे पुनर्जीवन

व्यंगचित्रमालिकेचा इतिहास बहुधा वृत्तपत्रांपासून सांगण्यात येतो. परंतु या कलाप्रकाराच्या आरंभी जो पुरुष उभा आहे, तो वृत्तपत्राचा सेवक नव्हता आणि पेशाने चित्रकारही नव्हता. जिनीव्हाचा रोडॉल्फ टॉप्फर (१७९९–१८४६) हा शिक्षक होता. वडील चित्रकार, तोच मार्ग त्यालाही हवा होता, पण नेत्रविकाराने तो बंद झाला. मग त्याने मुलांचे निवासी विद्यालय चालविले आणि फावल्या वेळी, विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी, वह्यांतून चित्रकथा रेखाटल्या. पहिली कथा १८२७ सालची: एका प्रौढ प्रियकराच्या, मस्यू व्हिए ब्वाच्या, फजितीची.

या वह्या काही वर्षे हातोहात फिरत राहिल्या. १८३०-३१ च्या सुमारास त्यांतील काही वायमारला वृद्ध गटेपर्यंत पोचल्या व त्याच्या प्रशंसेला पात्र ठरल्या. टॉप्फरला छपाईचे धैर्य आले ते त्यानंतर. येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. हौशी कलावंत आपल्या जुन्या मालिकेकडे परत वळतो, तेव्हा तो नेमके कशाचे पुनर्जीवन करतो? कथेचे, पात्राचे, की त्या पहिल्या वेळच्या मोकळेपणाचे?

टॉप्फरच्या बाबतीत याचे उत्तर त्याच्या छपाईच्या पद्धतीत सापडते. खास तयार केलेल्या कागदावर लेखणीने काढलेले चित्र शिळेवर उतरविण्याची रीत त्याने स्वीकारली. तीत अक्षरे उलटी लिहावी लागत नाहीत, आणि कोरक्याचा हात मध्ये येत नाही. त्यामुळे चौकटीची वाकडी रेघ, तिच्याखालचे हस्ताक्षर आणि आकृतीची धावती रेषा ही एकाच हाताची राहिली. चित्र व मजकूर परस्परांवाचून पंगू ठरावेत, हा या प्रकाराचा प्राणधर्म त्या एकहातीपणातून सिद्ध झाला. व्हिए ब्वा १८३७ मध्ये छापला गेला. पॅरिसच्या ओबेर या प्रकाशकाने त्याच्या चित्रकथांच्या चोरट्या आवृत्त्या काढल्या, आणि १८३९ मध्ये टॉप्फरने तीच कथा पुन्हा समूळ रेखाटून विस्तारली. नायक प्रत्येक आपत्तीनंतर कपडे बदलतो, हा त्या कथेतील आवर्ती विनोद. पुनरुक्तीनेच हसू वाढते, हे मर्म ज्याला उमगले, त्याला आपलीच कथा पुन्हा काढण्याचा कंटाळा का यावा?

याच्या उलट उदाहरण ‘क्रिप्टोगाम’चे. फुलपाखरांचा हा छांदिष्ट संग्राहक १८३० मध्ये वहीत अवतरला. १८४४ मध्ये टॉप्फरने ती कथा नव्याने रचली, आणि १८४५ मध्ये ती ‘लिल्युस्त्रासियाँ’ या पॅरिसच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. मात्र साप्ताहिकाला लाकडी ठसे हवे होते. म्हणून आमेदे द नोए या व्यवसायी व्यंगचित्रकाराने टॉप्फरच्या आकृत्या ठशांसाठी पुन्हा काढल्या. वाचकवर्ग विस्तारला, चित्रे नीटस झाली, कथेची गतीही टिकली. पण रेषेतील चकवा हरपला. टॉप्फरची रेषा आपण पुढे काय काढणार हे जणू स्वतःलाच ठाऊक नसल्यासारखी धावते. नोएच्या रेषेला मुक्काम आधीच ठाऊक आहे.

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, आणि त्यात किंचित उपेक्षाही मिसळतो. टॉप्फरचे उदाहरण त्या म्हणीचा गंभीर अर्थ दाखविते. वहीतल्या कथेला मुदत नव्हती, मोबदला नव्हता, संपादक नव्हता. म्हणून तिला चुकण्याची मुभा होती, आणि त्या मुभेतूनच नवा कलाप्रकार निपजला. छपाईत ती मुभा जेथे राखली गेली, तेथे मालिका खरोखर पुन्हा जन्मली. जेथे ती सफाईला विकली गेली, तेथे कथा जगली, पण कर्त्याचा हात निघून गेला. जुनी हौशी मालिका पुन्हा हाती घेणाऱ्याने म्हणूनच आपल्या पूर्वीच्या चुका दुरुस्त करण्यापूर्वी, त्यांतील कोणत्या चुकांमुळे वाचक हसला होता, हे एकदा पाहून घ्यावे. १८३९ च्या व्हिए ब्वाला हा विवेक लाभला होता. १८४५ च्या क्रिप्टोगामच्या ठशांत तो अर्धाच उतरला.